फुग्यांच्या फळीवरची चांदी

फोई साडीवर पट्टा बांधायच्या. पुरुषांचा, तपकिरी, रुंद बकलाचा. पट्ट्याला एका बाजूला पक्कड अडकवलेली असायची आणि दुसऱ्या बाजूला चांदीचा छल्ला. छल्ल्याला एकही किल्ली नव्हती, कारण फोई कशालाच कुलूप लावत नसत. मग छल्ला कशाला, असं मी एकदा विचारलं.

"किल्ल्या नाहीत म्हणून छल्ला पण काढून ठेवू? शोभतो तो," त्या म्हणाल्या.

त्या माझ्या घरमालकीण. तलासरीच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मसोलीत त्यांच्या घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली. गुजरातीत फोई म्हणजे आत्या. त्या नेमक्या कोणाच्या आत्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आळीतले सगळेच त्यांना फोई म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. माणसांशी त्या मराठी बोलत आणि देवाशी व मांजराशी गुजराती.

जेवलीस का, बरी आहेस का, असलं त्या विचारत नसत. संध्याकाळी मी जीपमधून उतरून फाटकातून आत आले की पहिला प्रश्न यायचा, "आज काय नवं दिसलं?" मला फार बोलायची सवय नाही. सुरुवातीला मी "काही नाही" म्हणून सरळ खोलीकडे जायची. त्यावर फोई मागून म्हणायच्या, "मग डोळे शाळेतच ठेवून आलीस वाटतं." ते ऐकून ऐकून मी वाटेत काहीतरी बघून ठेवायला लागले. सायकलवर झावळ्यांचा भारा बांधून चाललेला माणूस, हायवेला कलंडलेला टोमॅटोचा टेम्पो, हेडबाईंची नवीन चप्पल. चप्पल फोईंना सगळ्यात आवडली. रंग कुठला, टाच किती, पुढून बंद की उघडी, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

दारांशी त्यांचं वैर होतं. स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं त्यांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली होती आणि त्यातल्या एकावर त्या पोळ्या लाटत. डाळी, तिखट, चहा, सगळं काचेच्या बरण्यांत. "दार लावलं की माणूस आत काय आहे ते विसरतो आणि बाजारातून परत तेच घेऊन येतो," हे त्यांचं म्हणणं. ट्रंक आणि पेटी या वस्तू त्यांच्या घरात नव्हत्याच. ट्रंकेत ठेवलेली वस्तू गहाण पडल्यासारखी वाटते आणि भिंतीवर ठेवलेली पाहुणी आल्यासारखी, असं त्या म्हणत.

माझ्या खोलीचं दार मात्र बंद असायचं. त्याबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत. एवढंच की दारासमोरून जाताना त्या पावलं जरा आपटत जायच्या.

फोईंची सगळी नोकरी आशागडच्या रस्त्याला असलेल्या एका फुग्यांच्या कारखान्यात झाली होती. आधी फुगे उतरवणाऱ्या बायकांत, मग त्याच बायकांवर सुपरवायझर. फुगा कसा होतो हे मला त्यांनीच सांगितलं. लांब फळीवर लाकडाचे साचे ओळीने बसवलेले असतात, मुठीएवढ्या कळ्यांसारखे. ती फळी उलटी करून रबराच्या चिकात बुडवायची, वर काढायची, सुकवायची, मग पावडर लावून एकेक फुगा ओढून काढायचा. कोणाच्या वाढदिवसाला गेल्या की फोई केकआधी फुग्यांकडे जात, तोंडाची गुंडाळी बोटाने चाचपून बघत आणि म्हणत, "घाईत काढलाय." वाढदिवस असलेल्या घरच्यांना याचं काय करायचं ते कळत नसे.

त्या मोजायच्या ग्रोसमध्ये, कारण फुगे ग्रोसने जातात. बारा डझनांचा एक ग्रोस. घोलवडहून कोणी चिकू आणून दिले की "अर्धा ग्रोस असतील," आणि देवळात गर्दी असली की "दोन ग्रोस बायका होत्या." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी आकडे मला पन्नाशीनंतर अडखळतात. त्यामुळे हिशेबाच्या बाबतीत आमचं दोघींचं बरं जमायचं. बाहेरच्यांना आमचं काहीच कळत नसे.

कारखाना बंद पडला तेव्हा साच्यांच्या फळ्या भंगारात निघाल्या. त्यातल्या काही फोईंनी घरी आणून मागच्या पडवीत रचून ठेवल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी राहायला आले त्या वर्षी ते ठरलं.

फोईंना मिरवायच्या वस्तूंचा नाद होता. सोनं नाही. बाजारात मिळतं ते सगळं: प्लॅस्टिकची मोठी लाल कानातली, गॉगल, केसांचे पट्टे, क्लिपा, मण्यांच्या माळा, स्कार्फ, बांगड्या. या वयात गॉगल कपाळावर चढवून त्या भाजी आणायला जायच्या. आळीतल्या मुलींना कॉलेजच्या कार्यक्रमाला काही हवं असलं तर त्या फोईंकडूनच न्यायच्या. विचारायचं नाही, स्वतः काढून घ्यायचं आणि काम झालं की होतं तिथे परत अडकवायचं, एवढाच नियम. पण वस्तू वाढल्या आणि भिंतीवरचे खिळे संपले. दोन मुली एकाच खिळ्याखाली भांडताना दिसल्यावर फोईंनी पट्ट्यातली पक्कड काढली.

एका रविवारी सकाळी त्यांनी माझ्या दारावर थाप मारली, पहिल्यांदाच. "टीचर, जरा धरायला ये."

पुढच्या खोलीची आख्खी भिंत त्यांनी रिकामी केली होती. साच्यांच्या फळ्या भिंतीला आडव्या ठोकायच्या होत्या, साचे किंचित वर तोंड करून, म्हणजे बांगड्या घसरणार नाहीत. मी फळी धरायची आणि त्या ठोकायच्या. मध्येच लांब जाऊन, एक डोळा मिटून बघायच्या. "डावी खाली गेली. तुझी डावी नाही गो, फळीची." चिकूच्या जुन्या खोक्याची चौकट करून तिच्यावर त्यांनी कोळीवाड्यातून आणलेला जाळ्याचा तुकडा ताणून बसवला. जाळ्याच्या भोकांत कानातली. सायकलच्या तारा वाकवून त्यांवर स्कार्फ. दोन खिळ्यांत सुतळी बांधून तिच्यावर गॉगल, ओळीने, वटवाघळांसारखे. साच्यांवर बांगड्या आणि माळा चढल्या तेव्हा भिंत खरंच बघण्यासारखी झाली. रस्त्यावरून जाणारी माणसं खिडकीशी थांबायला लागली.

"तुझी कानातली कुठं असतात?" फोईंनी तेव्हा मला विचारलं.

"डब्यात."

"घालत नाहीस?"

"घालते कधीतरी."

जाळ्याच्या चौकटीत वरची एक ओळ त्यांनी रिकामी सोडली, आणि आळीतल्या मुलींना तिथे काही अडकवू दिलं नाही. काही दिवसांनी मी माझी चार कानातली तिथे नेऊन लावली. फोई म्हणाल्या, "हं," आणि चहा टाकला.

पहिल्या पावसाळ्यात एक गोष्ट बिघडली. आमच्याकडे समुद्र जवळ, हवा खारट. उघड्यावरची इमिटेशनची कानातली हिरवी पडली, माळांचे मणी चिकट झाले. मला वाटलं, आता तरी फोई दाराचं कपाट घेतील. त्यांनी मिठाईच्या दुकानातून निघालेल्या जुन्या शोकेसच्या काचा आणल्या आणि फळ्यांना पुढून सरकत्या काचा बसवल्या, फटी कापसाने बंद केल्या. "हे दार नाही," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "ही खिडकी आहे."

माझ्या कानातल्यांखेरीज त्या भिंतीवर आणखी एक वस्तू फोईंची नव्हती. सुनीबाई म्हणून एक बाई होत्या, कारखान्यात फोईंच्या हाताखाली फुगे उतरवायच्या. आता राहायला तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर. दिवाळी झाली की घरदार बंद करून सगळं कुटुंब वीटभट्टीवर कामाला जायचं. सुनीबाईंकडे सासूकडून आलेली, गळ्यात घालायची चांदीची एक जाड सर होती. मागे कोणाकडे ठेवायची म्हणून ती दरवर्षी फोईंकडे यायची. पूर्वी ती खिळ्यावर असे. त्या वर्षी फोईंनी ती मधल्या फळीच्या मधल्या साच्यावर घातली आणि काच ओढली. भट्टीवरून मध्ये कधी सुटी मिळाली तर सुनीबाई येऊन खिडकीतून सर बघून जायच्या. आत येत नसत. "आत आले तर फोई चा करील, मग गाडी जाईल," त्या मला म्हणाल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात सुनीबाईंच्या मुलीचं, रंजूचं, लग्न ठरलं. ही सर तिच्या अंगावर घालायची होती. नवऱ्याकडच्यांना तसं सांगूनही झालं होतं.

लग्नाच्या महिन्यात फोईंनी सर पुसायला काढली तेव्हा मी समोरच वह्या तपासत बसले होते. फोईंचा फडका थांबला. मी मान वर केली. सर त्यांच्या दोन हातांत होती आणि काळी होती. फिकी नव्हे, चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखी काळी.

"हे काय झालं," त्या म्हणाल्या. मला विचारत नव्हत्या.

मी म्हटलं, "फोई, चांदी साफ होते. सोडा आणि गरम पाणी. मी करून देते, त्या यायच्या आत."

"नाही."

"अहो, त्यांना कळणारसुद्धा नाही."

"म्हणून नाही," फोई म्हणाल्या. "वस्तू तिची. काळी झाली तर काळी आधी तिनं बघायची."

त्यांनी सर परत त्याच साच्यावर घातली आणि भट्टीवर निरोप पाठवला.

सुनीबाई रंजूला घेऊन आल्या. सोबत त्यांची नणंद, कमळीबाई. फोईंनी काच सरकवून सर काढली आणि सुनीबाईंच्या हातात दिली. सुनीबाईंनी ती उलटीसुलटी केली, हातावर तोलली आणि खाली मान घालून बसल्या.

बोलल्या त्या कमळीबाई. "ही आमची नाय."

"तुमचीच आहे," फोई म्हणाल्या.

"आमची पांढरीफेक होती. ही पितळेवर पाणी मारलेली. हिथं सगळंच खोटं टांगलंय, त्यात आमची खरी कुठं गेली कोण सांगंल?"

"कमळे, गप," सुनीबाई म्हणाल्या, पण जोरात नाही.

"का गप? उद्या मांडवात पोरीच्या गळ्यात ही काळी घालायची? तिकडची माणसं तोंडावर बोलतील, खोटं घालून पोर दिली म्हणून. मग काय सांगशील? फोईनं जपून ठेवलेली?"

रंजू भिंतीकडे बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. फोईंनी शपथ घेतली नाही. देवाचं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं त्या चिडतील, पण त्यांनी पट्ट्यातून छल्ला सोडवला. तो त्यांच्या कंबरेला घासून घासून आरशासारखा झालेला होता आणि चांदीचा आहे हे कारखान्यातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं.

"हा धरून बघ, सुने. चांदी?"

"चांदी."

फोईंनी तो सर होती त्याच साच्यावर घातला आणि काच ओढली. "कमळे, तुझ्या हातानं दोरा बांध काचेला. तुझ्या गाठी. पुढच्या बाजाराच्या दिवशी ये आणि तूच सोड. फळी खात असेल तर हा पण काळा पडेल."

कमळीबाईंनी खरंच आपल्या पिशवीतला दोरा काढला आणि काचेच्या दोन्ही खिळ्यांना गाठीवर गाठ मारली. सर त्या सोबत घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी विचारलं, "आणि नाही पडला काळा तर?"

"तर मी चोर," फोई म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

तो आठवडा फोई त्या भिंतीकडे पाठ करून बसल्या. चहा प्यायलाही पाठ करून. मुली वस्तू न्यायला आल्या तर, "आज बंद," म्हणायच्या. हा शब्द त्या घरात मी पहिल्यांदा ऐकला. मी शाळेतून आले की मला काय नवं दिसलं हेही त्यांनी विचारलं नाही. काच लांबून धुरकट दिसायची, साच्याच्या सावलीत छल्ला कसा आहे ते कळत नव्हतं. जवळ जाऊन बघणं मला बरं वाटेना, आणि फोईंनी तर बघितलंच नाही. त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती, हे मला तेव्हा समजलं. सर मध्येच कोणी बदलली असेल तर? घराला कुलूप नव्हतं. आळीतल्या अर्ध्या मुली त्या भिंतीला हात लावत होत्या. आपल्या उघड्या घरावर फोईंनी पहिल्यांदाच शंका घेतली होती आणि ती त्यांना पेलत नव्हती.

बाजाराच्या दिवशी तिघी आल्या. कमळीबाईंनी आधी गाठी तपासल्या, मग दातांनी दोरा तोडला आणि काच सरकवली.

छल्ला बघायच्या आधीच सुनीबाई एक पाऊल मागे झाल्या. "अगो बाय, हा तर कारखान्याचा वास!"

"कसला वास?" फोईंनी विचारलं.

"रबराचा! चिकाचा! काच उघडली तसा भपकाच आला. तुला येत नाय?"

फोई काचेजवळ गेल्या. वाकून, डोळे मिटून त्यांनी दोनदा श्वास घेतला. मग आमच्या सगळ्यांकडे बघितलं. "नाही गो," त्या म्हणाल्या. "मला काहीच येत नाही."

मला तो वास पहिल्या दिवसापासून यायचा. तो त्या घराचाच वास आहे असं मी धरून चालले होते.

छल्ला साच्याला टेकला होता तिथे काळा पडला होता, बाकी पिवळट. कमळीबाईंनी तो नखाने खरवडून बघितला. सुनीबाईंनी साच्यावरून बोट फिरवलं, तर जुन्या चिकाचा पापुद्रा सुटून आला, फुग्याच्या कातडीसारखा. त्या फळ्या किती वर्षं चिकात बुडाल्या असतील. चांदीला रबर लावू नये, हे आमच्याकडे कोणालाही माहीत असतं. फोईंनाही होतं. पण त्यांच्या लेखी ती लाकडाची फळी होती.

"चांदी रबरात बुडवून ठेवलीस गो, आणि वरून काच लावलीस!" सुनीबाई म्हणाल्या. "आणि आम्हाला सुपरवायझर होतीस! एक फुगा फाटला तर केवढी ओरडायचीस!"

"ओरडायचे ते फाटल्यावर," फोई म्हणाल्या. "काळा पडलेला फुगा माझ्या पाळीत कधी निघाला नाही."

सुनीबाईंना हसू फुटलं आणि मग त्या रडल्यासुद्धा. कमळीबाई हसल्या नाहीत. "एवढा वास, आणि नाकाला कळला नाय म्हंजे कमालच," असं म्हणून त्यांनी छल्ला पदराने पुसून फोईंच्या हातात दिला. माफी वगैरे काही मागितली नाही. फोईंनीही अपेक्षा ठेवलेली दिसली नाही. त्यांनी सगळ्यांना चहा केला, आणि त्या दिवशी सुनीबाई गाडीची घाई न करता बसल्या.

सर पाड्यावर धुतली. हळदीच्या आदल्या दिवशी, अंगणात, सगळ्या बायकांसमोर. नवऱ्या मुलाची आत्याही आलेली होती. रिठ्याच्या पाण्यात उकळून मग राखेने, आणि घासायला कमळीबाईच बसल्या होत्या, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हत्या. फोई आणि मी बाजूला उभ्या होतो. पांढरा रंग वर यायला लागला तसे फोईंनी गॉगल कपाळावरून डोळ्यांवर ओढला. लग्नात त्या नाचल्या. तारपा वाजत होता आणि बायकांच्या ओळीत पट्टा बांधलेली एकच बाई होती.

घरी आल्यावर त्यांनी फळ्या उतरवल्या. मी म्हटलं, साचे तासून घेता येतील. "नको," त्या म्हणाल्या. "माझ्या नाकाचा भरवसा नाही." त्यांनी नुसत्या बांबूच्या कामट्या आणल्या आणि सगळं पहिल्यापासून केलं. बांबू नवीन होता तरी प्रत्येक कामटी त्या आधी माझ्या नाकाशी धरायच्या. "बघ. कसला वास?" मी बांबूचा म्हटलं की खिळा ठोकायच्या. चांदीसाठी त्यांनी जागा केली नाही. कोणी विचारलं तर सांगत, मी दुसऱ्याची वस्तू ठेवत नाही आता, बँकेत लॉकर मिळतो.

माझी बदली व्हायच्या आधीची दिवाळी. सकाळची वेळ, फोई बाहेर मांजराशी बोलत होत्या. फाटकात रंजू, बरोबर तिचा नवरा, दोघांच्या डोक्यावर भट्टीला न्यायची बोचकी. रंजूने कंबरेच्या फडक्यातून सर काढली आणि पुढे केली.

"ठेवायची हाय," ती म्हणाली.

"मी ठेवत नाही," फोई म्हणाल्या. "तुझ्या आईला सांगितलंय."

"आईला सांगितलं. मला कुठं सांगितलं?"

"लॉकर घे."

"त्यात ही बघायची कशी? हिथं खिडकीतनं दिसते."

फोईंनी पट्टा सारखा केला. सरीला हात लावला नाही. "आणि परत काळी पडली तर?"

"पडली तर धुवू," रंजू म्हणाली. "हाय काय त्यात," आणि चपला काढून ती आत गेली, भिंतीवर कुठे जागा आहे ते बघायला.